मावळातील तीन डोंगर आणि दामोदर कोसंबींची पायवाट

दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तथागत बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली होती आणि बाबासाहेब स्वतः रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून नुकतेच परतले होते. नागपूरच्या दीक्षेला अद्याप पावणेदोन वर्षांचा अवधी होता. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी एक विधान केले. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे, या विषयावर आपण प्रबंध लिहिणार आहोत आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणार आहोत, असे त्यांनी सांगितले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि तो प्रबंध राहून गेला.

या विधानाची आठवण आपल्याकडे वारंवार काढली जाते. त्यातील अर्ध्याच भागाची मात्र काढली जाते. पांडुरंग हा बुद्ध आहे, एवढे लक्षात राहिले. बाबासाहेब त्यासाठी प्रबंध लिहिणार होते, म्हणजे पुरावा गोळा करून तो तज्ज्ञांच्या सभेपुढे परीक्षेस ठेवणार होते, हे विसरले गेले. जो भाग विसरला गेला तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. देहूरोडच्या परिसरात, पिंपरी-चिंचवडपासून तळेगाव-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आणि वर कार्ल्यापर्यंतच्या मावळात हा पुरावा कसा शोधावा, हे त्याच वर्षांत एक गणिताचा प्राध्यापक पायी हिंडून शोधत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. बौद्ध वाचकाला त्यांच्या पित्याचा परिचय असतो. पुत्राचा परिचय बहुधा नावापुरता असतो.

पित्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुत्राच्या अभ्यासाचा पाया तिथे आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. बुद्धधर्माच्या ओढीने १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोचले आणि तेथे विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पालीचे अध्ययन करून भिक्षू झाले. पुढे गृहस्थाश्रमात परतल्यावर १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळण्यामागे त्यांचे प्रयत्न होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत ही पालीच्या अध्यापनातील पहिली मराठी पिढी त्यांच्या शिकवणुकीतून उभी राहिली. आज महाराष्ट्रात जो कोणी पाली शिकवितो, तो या परंपरेचा ऋणी आहे. सिद्धार्थाने गृहत्याग केला तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, ही चिकित्सा धर्मानंदांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात केली आणि शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग कथेच्या केंद्रस्थानी आणला, हे वाचकांस ज्ञातच आहे. परंपरेने दिलेली कथा सुत्तांच्या आधारे तपासून घेण्याची ही सवय. ती घरातच होती.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बालपणीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी धर्मानंद पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाला त्यांनी बरोबर नेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत घेऊन दामोदर परतले. बनारस आणि अलीगढ येथे काही काळ शिकवून १९३३ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. ज्या संस्थेत पित्याने पाली शिकविली तिथेच पुत्र गणित शिकवू लागला. १९४५ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ पर्यंत तेथे होते. घर पुण्यात आणि काम मुंबईत, त्यामुळे ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

इतिहासाकडे ते नाण्यांमधून वळले. संख्याशास्त्राची एखादी पद्धत प्रत्यक्षात तपासून पाहावी म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. चलनात असलेले नाणे हातोहात फिरून झिजते, म्हणून जितके अधिक वापरात राहील तितके त्याचे वजन घटते. तेव्हा तक्षशिलेच्या संचयांतील नाणी तोलून त्यांचा कालक्रम लावता येईल. हे सूत्र साधे आहे, परंतु ते सुचण्यास गणिती लागला. नाणी कोणाची, हे विचारताना राजवंशांचा प्रश्न आला, आणि राजवंशांसाठी संस्कृत-पालीचे ग्रंथ उघडावे लागले. पुढे भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते पडताळून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा मुख्य इंग्रजी ग्रंथ १९५६ साली आला. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी. 'मिथ अँड रिअॅलिटी' १९६२ मध्ये आणि प्राचीन भारताची संस्कृती व सभ्यता यांवरील ग्रंथ १९६५ मध्ये आला. इतिहासाचा वर्ग त्यांनी कधी घेतला नाही. तरी स्वातंत्र्योत्तर काळात इतिहास कसा अभ्यासावा हे ज्या शिक्षकांकडून देश शिकला, त्यांत त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. आपल्या देशात राजांच्या बखरी तुटपुंज्या आहेत, सनावळ्या संशयास्पद आहेत. परंतु ज्या रीती अन्यत्र मातीखाली गेल्या, त्या येथे अद्याप जिवंत आहेत. तेव्हा ग्रंथ, शिलालेख, नाणी, दगडी हत्यारे, शेतीची अवजारे, लग्नविधी, शेंदूर फासलेले गोटे, या सर्वांना एकत्र साक्षीस बोलवावे. एक साक्षीदार खोटे बोलत असेल तर दुसऱ्याकडून ते उघड होते. हे काम टेबलाशी बसून होत नाही. ते स्वतः पुण्याच्या टेकड्या, मावळातील खिंडी, पालखीचे मार्ग पायाखाली घालीत. धनगराला, कातकऱ्याला, देवीच्या पुजाऱ्याला प्रश्न विचारीत. ज्यांना शाळेचे दार उघडलेले नव्हते अशांच्या तोंडची माहिती त्यांनी पोथीच्या बरोबरीने वापरली. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. पोथी आपल्या हाती दिली गेलीच नव्हती. आपल्या आजी-पणजीच्या तोंडचे जे होते, त्याला पुरावा मानणारा विद्वान हवा होता.

कार्ल्याचे काम या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांची नावे आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी आपले गाव 'धेनुकाकट' असे सांगितले आहे. हे गाव कोठे, यावर विद्वानांचा वाद होता. काहींनी ते पार आंध्रातील धरणीकोटाशी जुळविले. १९५५ मध्ये कोसंबींनी या प्रश्नावर लेख लिहिला आणि साधा मुद्दा मांडला. इतके दाते एकाच गावचे असतील, तर ते गाव लेण्याच्या जवळपास, घाटमाथ्यावरील व्यापारी वाटेवर शोधले पाहिजे. हा प्रश्न अद्याप निर्विवाद सुटलेला नाही. परंतु प्रश्न विचारण्याची दिशा त्यांनी बदलली. गावाचे नाव कोणत्या ग्रंथात सापडते, हे विचारण्याआधी तेथील माणसे काय करीत होती हे त्यांनी विचारले.

ती माणसे कोण होती? धेनुकाकटचा सिंहदत्त हा गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता आणि त्याने चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी दान दिले. वेणुवासाचा पुत्र सामिन हा वढकी म्हणजे सुतार, आणि द्वाराचे काम त्याने केले. धेनुकाकटच्या वाणियगामाने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाने, एक स्तंभ दिला. काही यवन आहेत. त्यांपैकी एकाचे नाव धम्म असे आहे, आणि त्याने दिलेल्या स्तंभावर ग्रीक धाटणीचा स्फिंक्स कोरलेला आहे, याकडे कोसंबींनी लक्ष वेधले. भिक्षुणींची दाने आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, महारठी अग्निमित्रणक आहे. आणि मिलिंद नावाचा एक वैद्य आहे, ज्याने पत्नी-मुलांसह दान दिले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले ते मिलिंदप्रश्नातील राजाचे. त्याच नावाचा एक साधा वैद्य मावळच्या डोंगरात, खांबावर, मुलाबाळांसह नोंदलेला आहे, हे त्या महाविद्यालयाच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

राजेही आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या लेण्यांतील भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याचा लेख आहे. पुढे सातवाहनांच्या काळातील लेखात ज्या अमात्याला आज्ञा आहे तो 'मामाल' प्रदेशाचा अधिकारी आहे. मामाल म्हणजेच मावळ. आपण ज्याला आज वडगाव-मावळ म्हणतो, त्या नावाची ही नोंद सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती भिक्षुसंघाला दिलेल्या दानाच्या निमित्ताने झालेली आहे.

येथून पिंपरी-चिंचवडच्या अगदी जवळच्या लेण्याकडे येऊ. देहूरोड ओलांडून तळेगावच्या दिशेने निघाले की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत शेलारवाडीचा डोंगर लागतो. लोक त्याला घोरावडेश्वर किंवा घोराडेश्वर म्हणतात. चैत्यगृहात आज शिवलिंग आहे. भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत एक दानलेख आहे. त्यात दात्री आहे सिअगुतनिका, संस्कृतात म्हणायचे तर श्रीगुप्ता. ती धेनुकाकटला राहणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबिकाची पत्नी. उसभणकाला 'हालकिय' म्हटले आहे आणि त्याचा अर्थ सामान्यतः नांगरकरी असा घेतात. तिने पुत्र नंद गृहपती याच्यासह हे लेणे 'देयधम्म' म्हणून दिले. कार्ल्यातील धेनुकाकट येथेही आले, हे कोसंबींच्या तर्काला बळ देणारे आहे.

पालीच्या विद्यार्थ्याने या ओळीपाशी थोडे थांबावे. 'कुटुंबिक' आणि 'गहपति' हे त्रिपिटकात सतत येणारे शब्द आहेत. आपण ते वाचताना अनाथपिंडिकासारखा कोट्यधीश श्रेष्ठी डोळ्यांपुढे आणतो. शेलारवाडीचा लेख सांगतो की शेत कसणाऱ्या घरालाही हे शब्द लागू होते. बापाला कुटुंबिक म्हटले आहे आणि मुलाला गृहपती. मुलाचा दर्जा वाढला होता की दोन्ही शब्द समानार्थी झाले होते, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु दान पत्नीच्या नावे आहे. तिच्या हाती मालमत्तेचा काही अधिकार असल्याशिवाय दगडात खोदलेली खोली दान देता येत नाही. मनुस्मृतीने स्त्रीच्या वाट्याला जे ठेवले त्याच्या शेजारी हा लेख ठेवून पाहावा. वर्णजातीचा उल्लेख या दानलेखांत बहुधा नसतो. गाव असते, धंदा असतो, नाते असते.

प्रस्तुत लेखकाने एकदा पिंपरी भागातील काही विद्यार्थ्यांना हा लेख दाखविला. मुलांचे पालक कारखान्यांत कामाला होते, बहुतेक मराठवाड्यातून आलेले. अक्षरे लावून झाल्यावर एकाने विचारले, सर, यात आपले कोण? मी सुताराचे आणि नांगरकऱ्याच्या बायकोचे नाव पुन्हा वाचले. त्या मुलाचे समाधान झाले नाही. त्याला जात हवी होती. जात तेथे नाही, एवढेच मी सांगू शकलो. तो प्रश्न चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही.

आता अवघड भाग. 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये मातृदेवतांच्या स्थानांवर एक निबंध आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे मंदिर आहे आणि कोळी समाज तिच्या यात्रेला मोठ्या संख्येने येतो. ही देवी म्हणजे मूळची महामाया, लेणी बळकावताना तिचे रूप बदलले, असे आपल्याकडे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. कोसंबींचे उत्तर निराळे आहे. जुन्या पायवाटा जेथे एकमेकींस छेदतात तेथे आदिम लोकांच्या देवीची स्थाने होती. ठिकठिकाणी त्यांच्याजवळ सूक्ष्म दगडी हत्यारे सापडतात. म्हणजे माणसांचा तेथील वावर शेतीच्याही आधीचा आहे. याच पायवाटा पुढे व्यापाऱ्यांच्या झाल्या. भिक्षूंनी अशाच जागा निवडल्या, कारण माणसे तेथेच भेटत आणि जेथे रक्तबळी होत तेथे अहिंसेचा उपदेश करणे हे त्यांचे काम होते. संघ गेला, लेणी ओस पडली, तेव्हा देवी परत आली.

हे ऐकून काही जण नाराज होतात. मला वाटते, त्रिपिटकाचा अभ्यासक नाराज होऊ शकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागत वैशालीच्या परिसराचे कौतुक करताना उदेन, गोतमक, सत्तंब, बहुपुत्त या चेतियांची नावे घेतात. ही चेतिये बौद्ध स्तूप नव्हेत. ती लोकांची जुनी देवस्थाने आहेत. बहुपुत्त चेतियाच्या वृक्षाला लोक पुत्रप्राप्तीसाठी नवस करीत, असे अट्ठकथा सांगते. तथागत तेथे राहिले, बसले, उपदेश केला. त्याच सुत्तात वज्जींच्या अपरिहानीय धर्मांमध्ये त्यांच्या चेतियांचा मान राखणे आणि पूर्वीपासूनचा बली बंद न करणे हाही एक धर्म सांगितला आहे. संघ देवतांच्या जागी राहिला, परंतु त्याने देवता झाला नाही आणि देवतेला हाकलूनही दिले नाही. मावळात जे कोसंबींना दिसले, त्याचे वर्णन वैशालीच्या संदर्भात पालीत आधीच लिहिलेले आहे. एकवीरेला महामाया म्हटल्याने कार्ले आपले होत नाही. ते आपले आहे कारण सामिन सुताराचे आणि भिक्षुणींचे नाव तेथे कोरलेले आहे. हा पुरावा कोणी पुसू शकत नाही आणि त्यासाठी कोळी भगिनीच्या देवीचे नाव बदलावे लागत नाही. कालामांना तथागतांनी परंपरेवर, ऐकीव गोष्टीवर किंवा आपला गुरू म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका असे सांगितले. ते आपल्या व्याख्यात्यांनाही लागू आहे.

पंढरीच्या वाटेविषयीही त्यांनी याच रीतीने विचार केला. त्याच पुस्तकातील दुसऱ्या निबंधात आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालखीचा मार्ग ते प्रागैतिहासिक काळापर्यंत मागे नेतात. पावसाच्या मानाने कळप घेऊन वर-खाली फिरणाऱ्या लोकांची ती वाट होती, वाटेवर सूक्ष्मास्त्रे विखुरलेली आहेत, धनगरांचे देव आहेत, म्हसोबा आहे. बाबासाहेबांच्या प्रतिपादनाचे हे खंडन आहे असे मानण्याचे कारण नाही. कोसंबी वाटेचे वय सांगतात, बाबासाहेब मूर्तीची ओळख सांगू पाहत होते. दोन्ही प्रश्न वेगळे. मात्र बाबासाहेबांचा प्रबंध आज कोणी लिहायला घेतला, तर कोसंबींचा हा निबंध त्याला वाचावाच लागेल.

संत तुकारामांचे एकांतवास ज्या तीन डोंगरांशी जोडले जातात ते भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर. इंदुरीजवळच्या भंडाऱ्यावर भिक्षूंच्या खोल्या आणि स्तूप आहेत, चाकणच्या बाजूला भामचंद्रावर खोदीव गुहा आहेत, आणि घोराडेश्वर म्हणजेच वर सांगितलेली शेलारवाडी. देहूच्या वाण्याने एकांतासाठी ज्या जागा निवडल्या त्या त्याच्या आधी पंधरा शतके ध्यानासाठी वापरात होत्या, याची नोंद कोसंबींनी घेतली. तुकारामांना बौद्ध ठरविण्याचा मोह त्यांनी टाळला. आपणही टाळावा. डोंगरातील शांत, पाण्याजवळची, गावापासून फार दूर नाही अशी जागा पुन्हा पुन्हा निवडली जाते. विनयपिटकात राजगृहाच्या वेळुवनाची निवड होताना यांतील शांतता आणि गावापासून फार दूर नसणे या कसोट्या सांगितल्या आहेत.

कोसंबींशी आपला खरा मतभेद दुसरीकडे आहे. बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची मीमांसा ते उत्पादनाच्या अंगाने करतात. व्यापारी तांड्यांच्या काळात विहार हे पतपुरवठ्याचे आणि पुरवठ्याचे केंद्र होते. पुढे स्वयंपूर्ण खेड्यांची व्यवस्था आली, दूरचा व्यापार आटला, श्रीमंत विहार समाजावर भार झाले आणि नष्ट झाले. बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपूर्ण राहिलेल्या लेखनात, जे १९८७ मध्ये प्रकाशित झाले, ब्राह्मणी प्रतिक्रांतीवर बोट ठेवले. मावळातील लेणी कोसंबींच्या बाजूने बरेच बोलतात, कारण वाट बदलल्यावर ती ओस पडली. परंतु वाट बदलल्याने शेलारवाडीच्या दात्रीच्या वंशजांचा मालमत्तेवरील अधिकार का गेला, सामिन सुताराचा धंदा बलुत्यात का बांधला गेला, त्याच्या खाली कोणाला गावकुसाबाहेर का ठेवले गेले, याचे उत्तर केवळ उत्पादनाच्या साधनांत सापडत नाही. त्यासाठी धर्मशास्त्राची सत्ता हा स्वतंत्र विषय मानावा लागतो. जातीने अतिरिक्त उत्पन्न कमी बळाने काढून घेता येते, इथवर कोसंबी येतात. ते सोसणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहणे त्यांच्याकडून क्वचित होते. १९५६ च्या धर्मांतराचे महत्त्वही त्यांच्या लेखनात यावे तसे आले नाही. मावळातील प्रत्येक शेंदरी दगड ज्यांनी निरखला, त्यांच्या घरापासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर देहूरोडला जे घडत होते ते मात्र त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले. ही उणीव मोठी आहे आणि ती सांगितली पाहिजे.

त्यांनी पाहिलेला प्रदेश आता उरलेला नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक महामंडळाने जमीन घेतली, आणि नंतर भोसरी, चाकण, तळेगाव असा पट्टा वाढत गेला. सूक्ष्मास्त्रे मातीच्या वरच्या थरात असतात. जमीन सपाट करणारे यंत्र एकदा फिरले की ती गेली. गावठाणाच्या सीमेवरचा म्हसोबा रस्तारुंदीत हलविला जातो, आणि तो मूळ कोठे होता हे सांगणारा म्हाताराही नंतर राहत नाही. कोसंबींच्या पद्धतीत जागेला फार महत्त्व आहे. दगड उचलून दुसरीकडे ठेवला की तो फक्त दगड राहतो. २००८ मध्ये भामचंद्राच्या परिसरात, शिंदे-वासुली येथे, एका परदेशी रसायन कंपनीच्या केंद्राविरुद्ध वारकऱ्यांनी मोठे आंदोलन केले आणि पुढे तो प्रकल्प तेथून गेला. तुकोबांच्या डोंगरासाठी वारकरी रस्त्यावर आले. त्याच डोंगराशी आपलेही काही नाते असू शकते, हे त्या वेळी किती बौद्ध संस्थांच्या लक्षात आले?

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला मोठा जनसमुदाय लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात, भाषणे होतात. तेथून शेलारवाडीचा पायथा जवळ आहे, आणि पायऱ्या चढून जाण्यास अर्धा तास पुरे. लेख वाचण्यास सकाळची तिरपी उन्हे बरी, कारण अक्षरे उथळ झाली आहेत. ठसा घेण्यासाठी कोणी परवानगीशिवाय कागद किंवा रंग लावू नये, आणि खडूने अक्षरे गिरवू तर मुळीच नयेत. पूर्वी झालेले वाचन बरोबर न्यावे व अक्षरे बोटाने न शिवता डोळ्यांनी लावावीत. 'धेनुकाकट' हे नाव प्रथम सापडते. त्यानंतर थोड्या अंतरावर उसभणकाचे, मग त्याच्या पत्नीचे.